जाहिरातीतल्या 'आदिवासी नाइट'बद्दल तक्रार कुठे करावी? मदत हवी आहे

फोंड्याहून मडगावला जाताना एका रिसॉर्टचा फलक दिसतो: 'आदिवासी नाइट'. काळं फासलेली तोंडं, पानांचे घागरे, हातात भाले! गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आमची आजी कुणबी. लाल चौकड्यांचं कापड, खांद्यावर देठली (गाठ) मारून नेसायची; पानं गुंडाळून कधीच नाही. धालोला, म्हणजे बायकांच्या लोकनृत्यात, नाचायची, तेही भाल्याशिवाय.

रिसॉर्टला फोन केला तर म्हणाले, "गंमत आहे हो, पर्यटकांना आवडतं." कोणाची गंमत?

भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे 'आस्की'कडे, तक्रार करायचा विचार आहे. कोणी केली आहे का? फोटोसोबत आणखी काय जोडावं? शिवाय फलकासाठी पंचायतीलाही अर्ज द्यावा का? मसुदा मराठीत लिहून देणारं कोणी असेल तर फारच बरं.