तापली की बंद, गार झाली की चालू – मदत हवी आहे

उनाड_चाक: घाईत लिहितोय. गाडी थंड असताना पहिल्या सेल्फला चालू होते, झकास पळते. जरा तापली आणि सिग्नलला उभी राहिली की खोकते नि बंद पडते. मग कितीही सेल्फ मारा, ढिम्म! अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की जणू काही घडलंच नाही अशी चालू. प्लग नवे, कार्ब्युरेटर साफ केलाय, बॅटरी ठणठणीत. गेल्या रविवारी भर चौकात उभी राहिली, आत आई, बायको, लेक, आणि मागे हॉर्नवर हॉर्न. येत्या रविवारी पुन्हा सगळ्यांना न्यायचंय. बायकोची अट आहे, आधी तासभर चालवून दाखव, मग मी बसते. काय करू?

निवांत: गाडी कोणती ते लिहाल का?

उनाड_चाक: फियाट, आणखी कोणती! पद्मिनी.

चिमटेबहाद्दर: व्हेपर लॉक. डोळे झाकून सांगतो. इंजिन बंद झालं की पंखाही थांबतो, पाणीही फिरत नाही, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. पाइपात आणि पंपात पेट्रोलची वाफ धरते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. पेट्रोलच्या पाइपला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावा. माझ्या गाडीला कायम असतात.

तेलकट_हात: चिमट्यांनी फक्त शेजारचे हसतात. वाफच असेल तर पंपावर ओलं फडकं टाकून बघा, लगेच चालू झाली तर मानू. सरळ इलेक्ट्रिक पंप बसवून मोकळे व्हा.

निवांत: कुठलाही पंप नको हं. या कार्ब्युरेटरला दोन-तीन पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावलात तर नीडल व्हॉल्व्हला (कार्ब्युरेटरमधे येणारं पेट्रोल अडवणारी सुई) त्याचा जास्त दाब सोसणार नाही, पेट्रोल ऊतू जाईल. आणि धडक बसली तर पंप आपोआप बंद होईल असा स्विचही लागतो. घरची माणसं बसतात ना त्यात?

तेलकट_हात: माझा वर्षानुवर्षं चालतोय.

निवांत: स्विच आहे का त्याला?

अडगळ: मूळ प्रश्न राहू दे, गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालत असाल तर आजच काढा. आत ओल साचते आणि पत्रा खालून सडतो. शिवाय इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी पाइपांना मानवत नाही. ते फुगतात, चिरतात. सगळे बदला.

उनाड_चाक: कव्हर सुती आहे, पाइप नवे आहेत. गाडी बंद का पडते ते कुणी सांगेल का?

कोरडी_ठिणगी: बंद पडते त्या क्षणी ठिणगी येते का? कुणी विचारलंच नाही. एक प्लग काढा, लीडला लावून त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा, हात लांब ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करू नका. निळी, कडक ठिणगी आली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. पिवळी, मेलेली किंवा नाहीच, तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) नाहीतर तिच्या जोडीचा कंडेन्सर. तापल्यावर दम तोडणं ही दोघांची जुनी खोड. अलीकडे काय काय बदललं?

चिमटेबहाद्दर: पद्मिनीला कॉइलचा त्रास नसतो हो.

जुनाट: अवांतर: गाडी पद्मिनीच की आधीची डिलाइट? पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. आमच्या घरी डिलाइट होती. पुढची सीट सलग असल्याने मी आजी-आजोबांच्या मधे बसायचो आणि स्टिअरिंगजवळचा गिअर पडताना आजोबांचं कोपर लागायचं. हल्लीच्या गाड्यांत ती मजा नाही.

उनाड_चाक: आईसुद्धा त्या सीटसाठीच येते. @कोरडी_ठिणगी, कॉइल बदलली होती, जुनीतून तेल गळत होतं. मेकॅनिकने त्याच्याकडची लावली. हे लिहायला हवं होतं का?

कोरडी_ठिणगी: हेच तर लिहायचं होतं! एक वायर काढून कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलांमधे मल्टिमीटर लावा, इग्निशन बंद ठेवून. तीनच्या आसपास ओहम आले तर ठीक. दीडच्या आसपास आले तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलचा प्रवाह कमी ठेवणारा) वापरायची कॉइल आहे. थेट १२ व्होल्टवर तिच्यातून चारऐवजी आठ अँपिअर जातात. ती भाजून निघते आणि तिचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंटही जळतात.

उनाड_चाक: १.४! आणि रेझिस्टर कुठेच नाही. कॉइल हात लावता येत नाही इतकी तापलेली. लेकीने टॉर्च धरली होती, तिने विचारलं, मग मेकॅनिकने मोजलं का नाही?

कोरडी_ठिणगी: लेक गॅरेजात येते हे उत्तम. तीन ओहमची कॉइल घ्या, पॉइंट घासून गॅप लावा, कंडेन्सरही नवा टाका. रविवारच्या आधी एकट्याने फिरवून आणा.

चिमटेबहाद्दर: तरी चिमटे लावून ठेवा.

तेलकट_हात: जुनी कॉइल टाकू नका, मला द्या.