'थोर व्यक्ती' पुस्तकं : वाचनालयात ठेवायची की काढायची?

वृषाली (ब-४०३): नमस्कार. तळमजल्यावरच्या कपाटात ती 'थोर व्यक्ती'वाली बारकी पुस्तकं कोणी चाळून ठेवली होती का? अद्वैतने परवा सम्राट अशोक आणलं. कलिंगच्या रणांगणावर एक म्हातारी अशोकाला चांगली दोन पानं सुनावते. तो मला विचारतो, आई, हे बोलणं लिहून कोणी ठेवलं? मी काय सांगू? असली रद्दी मुलांपुढे ठेवण्याआधी कोणीतरी बघायला हवं होतं.

भामरे सेक्रेटरी: ताई, पुस्तकं कमिटीच्या मंजुरीनेच ठेवली आहेत. मिनिट्समध्ये नोंद आहे.

पाटील काका (अ-१०१): रद्दी? आमच्या अण्णांच्या स्मरणार्थ दिलेला संच आहे तो. प्रत्येक पुस्तकावर शिक्का आहे. नको असेल तर तसं सांगा, उद्या सकाळी उचलतो.

वृषाली (ब-४०३): काका, अण्णांबद्दल आदरच आहे. मी पुस्तकाबद्दल बोलतेय.

पाटील काका (अ-१०१): ठीक आहे. चालू द्या.

गायकवाड काका (अ-२०२): पुस्तकं चांगली की वाईट ते नंतर ठरवा. कपाटाची चावी कोणाकडे आहे? कालपासून कुलूप आहे.

रोहन (क-१०४): दोन पानं सुनावते म्हणजे ती आजी आपल्या जनरल बॉडीला येऊन गेलेली दिसते 😄

शेवाळे खजिनदार: रोहन, जनरल बॉडीला तू आलास तर कळेल कोण सुनावतं ते. दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे.

रोहन (क-१०४): काका, ते पर्सनलवर बोलू ना.

जोशी बाई (क-२०२): वृषाली, अद्वैतला माझ्याकडून शाबासकी दे. इतिहासात विचारायचा पहिला प्रश्न त्याने बरोबर विचारला.
कलिंगच्या युद्धाचं आपल्याला जे माहीत आहे ते मुख्यतः अशोकाच्याच तेराव्या शिलालेखातून. दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कित्येक पट मेली आणि राजाला त्याचं दुःख झालं, हे त्याने स्वतः कोरून घेतलंय. म्हातारी त्यात नाही. पण जे आहे ते त्या म्हातारीपेक्षा जास्त विचार करायला लावणारं आहे. हा लेख खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातल्या धौलीला आणि जौगडला कोरलेलाच नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसं मेली त्यांच्यासमोर तो आकडा का लिहिला नसेल? हे पाचवीतल्या मुलाला विचारून बघ, रात्रभर झोपणार नाही.

वृषाली (ब-४०३): बाई, हे पुस्तकात का नाही मग?

जोशी बाई (क-२०२): तेच तर दुखणं आहे. पुस्तक म्हणतं अशोकाने शस्त्र कायमचं टाकलं. त्याने सैन्य मोडल्याचा पुरावा नाही. त्याच लेखात तो रानातल्या लोकांना बजावतो की मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हातात बळ आहे. चौथ्या स्तंभलेखात देहदंडाच्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे, म्हणजे देहदंड चालूच होता. एवढा माणूस होता तो, त्याला गुळगुळीत का करायचं?

बोरस्ते (क-३०१): सर्वांना नम्र विनंती. माझा मुद्दा वेगळा आहे. या संचात मलिक अंबर कशाला? थोर व्यक्ती म्हणजे आपले राजे, संत. निजामशाहीचा वजीर थोर कसा? कमिटीने खुलासा करावा.

भामरे सेक्रेटरी: ग्रुपवर राजकारण नको 🙏 तिथी की तारीख यावर फेब्रुवारीत जे झालं ते पुरे.

बोरस्ते (क-३०१): यात राजकारण काय? प्रश्न विचारला.

गायकवाड काका (अ-२०२): कपाटाची चावी कोणाकडे आहे?

पाटील काका (अ-१०१): अशोकाचं जाऊ द्या. गौतमीपुत्र सातकर्णीचं पुस्तक तर चांगलं आहे ना? घोड्यावरचं चित्र किती सुंदर आहे.

जोशी बाई (क-२०२): पाटील साहेब, मनापासून सांगते, राग मानू नका. बत्तीस पानांच्या त्या पुस्तकात नाशिक हा शब्द एकदाही नाही. आपण राहतो कुठे? त्या राजाची सगळ्यात मोठी ओळख आपल्या पांडवलेण्यात, तीन नंबरच्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेली आहे. ती कोरून घेतली त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने. तो गेल्यावर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी. त्यात ती सांगते की माझ्या मुलाची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली, त्याने क्षहरातांचं, म्हणजे इथे राज्य करणाऱ्या शक क्षत्रपांचं, कूळ निःशेष केलं. आणि तो आईची सेवा न चुकता करणारा होता, हेही तिने लिहून ठेवलं. घोड्यावरचं चित्र कोणीही काढेल. म्हातारपणी मुलाचा पराक्रम दगडात लिहिणारी आई दुसरीकडे कुठे मिळणार?

वृषाली (ब-४०३): बाप रे. मी शाळेच्या सहलीपासून इतक्या वेळा गेलेय तिथे. भिंतीकडे पाहिलंच नाही.

पाटील काका (अ-१०१): हे मलाही माहीत नव्हतं.

जोशी बाई (क-२०२): आणि ज्या क्षहरातांना संपवलं म्हणते, त्यांच्यातल्या नहपानाचा जावई उषवदात. त्याचाही लेख त्याच डोंगरात, काही पावलांवर, दहा नंबरच्या लेण्यात आहे. जिंकलेला आणि हरलेला शेजारी शेजारी. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले होते. २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. त्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं लेखात स्पष्ट लिहिलंय.

शेवाळे खजिनदार: २००० चे १२ टक्क्यांनी वर्षाला २४०. वीस गुणिले १२ पण २४०. हिशेब जुळतो!! बाई, हे गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं?

जोशी बाई (क-२०२): तेच नाव, तोच परिसर.

शेवाळे खजिनदार: मुद्दलाला हात लावायचा नाही. जवळपास १९०० वर्षांपूर्वी लोकांना कळत होतं. आपल्याकडे सिंकिंग फंड मोडून गेट रंगवा म्हणतात.

भामरे सेक्रेटरी: शेवाळे साहेब, गेटचा ठराव बहुमताने झाला आहे. प्रत्येक विषयात तो आणू नका.

शेवाळे खजिनदार: मी कोणाचं नाव घेतलं नाही.

भामरे सेक्रेटरी: कळतं सगळ्यांना.

गायकवाड काका (अ-२०२): कपाटाची चावी?

सुनीता ताई (ब-१०२): गायकवाड काका, चावी माझ्याकडे आहे. वाळवीचं औषध मारलंय म्हणून दोन दिवस बंद. मीच कुलूप लावलं.

गायकवाड काका (अ-२०२): मग ग्रुपवर टाकायला काय झालं होतं? चार वेळा खाली जाऊन आलो.

रोहन (क-१०४): बाई, नहपानाला हरवलं याला तेवढा आईचा लेखच पुरावा का? आई तर कौतुकच करणार.

जोशी बाई (क-२०२): फार चांगला प्रश्न. नाही, नाणीही आहेत. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला आहे. काहींवर त्याच्या डोंगराच्या खुणेखालून नहपानाचा चेहरा अजून दिसतो. आई म्हणते आणि नाणंही तेच म्हणतं, म्हणून आपण विश्वास ठेवायचा. मुलांना हे जुळवून बघायला शिकवलं की तलवारी फिरवणारी खोटी संभाषणं लागत नाहीत.

बोरस्ते (क-३०१): माझ्या मुद्द्याचं उत्तर मिळालं नाही. पुन्हा टाकतो. या संचात मलिक अंबर कशाला? थोर व्यक्ती म्हणजे आपले राजे, संत. निजामशाहीचा वजीर थोर कसा? कमिटीने खुलासा करावा.

जोशी बाई (क-२०२): बोरस्ते, कमिटीला कशाला विचारता, मी सांगते. हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनला आला आणि निजामशाही त्याने मोगलांपुढे वर्षानुवर्षं टिकवून धरली. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. तिथल्या जमिनीखालच्या पाण्याच्या नहरी त्याच्याच. नगरजवळ भातवडीला १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांना त्याने हरवलं, तेव्हा त्याच्या बाजूने कोण लढत होतं? शहाजीराजे. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी त्याच रणात पडले. मलिक अंबर वगळलात तर शहाजीराजांची निम्मी तरुणपणाची गोष्ट कशी सांगणार?

बोरस्ते (क-३०१): शरीफजींचं माहीत होतं. पण पुस्तकात शहाजीराजांचं नाव एका ओळीत उरकलंय, त्याचा राग आहे.

जोशी बाई (क-२०२): तो राग रास्त आहे. मलाही आला.

सुनीता ताई (ब-१०२): हेमाडपंताच्या पुस्तकात लिहिलंय की मोडी लिपी त्याने लंकेतून आणली. खरं का?

जोशी बाई (क-२०२): ऐकीव गोष्ट. यादवांचा मंत्री होता, 'चतुर्वर्गचिंतामणी' लिहिला, हे पक्कं. पुस्तकात दोन्ही एकाच सुरात छापलंय, मूल वेगळं कसं करणार?

पाटील काका (अ-१०१): मग काय, काढून टाकू सगळी? स्पष्ट बोला.

जोशी बाई (क-२०२): मुळीच नाही. पाटील साहेब, तुमच्या संचामुळे अद्वैतने अशोक हातात घेतला. सोपं पुस्तक नसतं तर प्रश्नच आला नसता. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर एक चिठ्ठी चिकटवू : 'हे कशावरून कळलं?' खाली तीन-चार ओळी. कोणता लेख, कोणतं नाणं, कुठे आहे, आणि पुस्तकातली कोणती गोष्ट फक्त ऐकीव आहे.

वृषाली (ब-४०३): अशोकाची चिठ्ठी अद्वैत लिहील. बाई, तुम्ही तपासून द्या. काका, मघाशी शब्द जास्त गेला. राग नका ठेवू.

पाटील काका (अ-१०१): असू दे गं. चिठ्ठ्यांचा कागद चांगला आणतो, खर्च माझा.

शेवाळे खजिनदार: उषवदाताची मी लिहितो. व्याजाचा हिशेब मांडून देईन.

रोहन (क-१०४): रविवारी सकाळी पांडवलेण्याला गाडी काढतो. पाच जण बसतील. पायऱ्या ऊन चढायच्या आत.

गायकवाड काका (अ-२०२): एक जागा माझी. सात वाजता गेटपाशी.

बोरस्ते (क-३०१): मलिक अंबरची चिठ्ठी मी लिहिणार. भातवडी आणि शहाजीराजे पहिल्या ओळीत.

जोशी बाई (क-२०२): लिहा. शरीफजींचं नावही घाला, ते कोणीच घेत नाही.