५.५ ने भागलं की झालं सोलर?

हिशेबी_बार्शीकर
काल इथंच एकानं सल्ला दिला: "सोलापूरला वर्षाच्या सरासरीनं रोज ५.५ तास पूर्ण ताकदीचं ऊन. रोज २ युनिटं लागतात? भागा. ४०० वॅटचं पॅनेल, १५० एएचची एक बॅटरी, विषय संपला." विषय नाही हो, आषाढात घरातला उजेड संपतो! वस्तीवर लाइन नसेल तर वर्षाची सरासरी घेऊन काय करायचंय? हिशेब सगळ्यात वाईट महिन्याचा करायचा. नासाच्या उन्हाच्या आकड्यांत जुलै-ऑगस्टला हाच आकडा साडेचारच्या आसपास उतरतो. उष्णता, धूळ, इन्व्हर्टर, बॅटरी मिळून ३५ टक्के तोटा धरा, पॅनेल ७०० वॅटच्या घरात जातं. आणि ती बॅटरी? १२ व्होल्ट गुणिले १५० एएच, म्हणजे १.८ युनिटांची, त्यातली लेड-ॲसिड निम्मीच वापरायची. ०.९. ढग आला की त्याच रात्री अंधार.

मोहोळ_वस्ती
काय बोलायलाव? तो सल्ला माझा. सहा वर्षं चालतंय माझं. तुमच्या नासाच्या आकड्यांत एक अंशाचा चौकोन, त्यात सोलापूर, मोहोळ, पंढरपूर एकाच खान्यात. माझ्या रानावरचा ढग त्याला काय दिसतोय?

हिशेबी_बार्शीकर
चालतंय म्हणजे पावसाळ्यातसुद्धा रोज २ युनिटं?

मोहोळ_वस्ती
तेव्हा फ्रिज बंद ठेवतो. त्यात काय एवढं.

हिशेबी_बार्शीकर
झालं की! याला चालणं म्हणतात होय. घरच्यांना विचारा एकदा.

पांढरे_डाग
आकडे राहू द्या, पॅनेल धुता कशानं? आमच्या बोअरच्या पाण्यानं काचेवर क्षाराचा थर बसला, आता घासूनही निघेना.

मोहोळ_वस्ती
आमचे वडील रोज दुपारी बोअरचंच पाणी मारतात. काही होत नाही.

पांढरे_डाग
तापल्या काचेवर गार पाणी? दुपारी? तडा गेला की कळेल. पहाटे धुवा, पावसाचं पाणी साठवून.

मोहोळ_वस्ती
सोलापुरात पाऊस साठवून पॅनेल धुवायचे! इथं प्यायला टँकर बघावा लागतो, अन् म्हणे साठवा.

पांढरे_डाग
दोन बादल्या लागतात, तलाव नाही मागितला. पत्र्याची पन्हळ लावायला काय जातंय?

मोहोळ_वस्ती
पत्रा तुमचा, पन्हळ तुमची, शहाणपणही तुमचंच ठेवा.

तापलेला_पत्रा
भांडा. पण मे महिन्यात पत्र्याला चिकटवलेलं पॅनेल ६५ अंशांवर जातं, २५ च्या वर दर अंशाला ०.४ टक्के वीज घटते धरलं तर १६ टक्के तिथंच गेले. खाली वीतभर मोकळी हवा सोडा. आणि हिशेबी, महिन्याची सरासरीसुद्धा फसवते. सलग चार ढगाळ दिवस त्यात दिसत नाहीत. रोजचे आकडे फुकट मिळतात, एक्सेलमध्ये बॅटरी दिवसागणिक भरा-रिकामी करा आणि ती किती दिवस तळाला गेली ते मोजा.

हिशेबी_बार्शीकर
मान्य. रोजचंच बघायला हवं. तरी ५.५ पेक्षा माझं साडेचार बरं.

मोहोळ_वस्ती
बरं बाबांनो, दुसरं पॅनेल टाकतो. बॅटरी मात्र एकच, चार घ्यायला ऊस नाही माझ्याकडं. आणि पाणी दुपारीच मारणार. वडिलांना कोण सांगणार? तुम्ही या.