दुष्काळात कोयनेचं पाणी आधी कुणाला?

विटेकर: काल ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘कोयना विजेसाठी बांधलीय, सांगलीकरांनी हक्क सांगू नये.’ डोकंच फिरलं. कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायला परवानगी दिलीय. पोफळीला वीज करून ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं. धरण काठोकाठ असताना कुणी तक्रार करत नाही. पण २०२३ ला धरण भरलं नाही, इकडं सांगलीत कृष्णा कोरडी पडली, तेव्हाही तोच हिशोब लावायचा? पश्चिमेचं पाणी आधी कापा.

जुना ऑपरेटर: कापा म्हणणं सोपं आहे. टेंभू, म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे पंप कशावर चालतात? संध्याकाळी राज्यात मागणी एकदम चढते. थंड पडलेला कोळशाचा संच सुरू व्हायला तास लागतात, कोयनेचा काही मिनिटांत.

विटेकर: पायथा वीजगृहातून सोडा की. तिथंही वीज होते, वर पाणी कराडला कृष्णेत येतं.

जुना ऑपरेटर: पायथ्याला ४० मेगावॅट, कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. सह्याद्रीच्या कड्याखाली पडणारं पाणी आणि धरणाच्या पायथ्याला पडणारं पाणी, यांची बरोबरी करता?

जत पूर्व: तुमचं भांडण टर्बाइनचं. आमच्याकडं टँकर आडात रिकामा करतात, मग बायका दोर टाकून गढूळ पाणी शेंदतात. माझी आई वयाच्या सत्तरीत हेच करत होती. कोयनेतून सोडलेलं पाणी म्हैसाळवरनं आमच्यापर्यंत येईस्तोवर वाटेतला ऊस पिऊन टाकतो.

मिरज पूर्व: आला ऊस! दुसऱ्या कुठल्या पिकाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा ठरलेला किमान दर, आहे? माझी द्राक्षबाग अवकाळीत गेली, व्यापारी पैसे बुडवून पळाला. तेव्हा ऊस लावला. पाणीपट्टी कारखाना बिलातनं कापून घेतो, फुकट पीत नाही.

जत पूर्व: उपशाच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं, तुम्ही १९. म्हणजे आमच्याही पैशातनं. आणि पाणीपट्टी भरली म्हणून टेलचं, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचं, पाणी तुमचं झालं का?

मिरज पूर्व: ठिबक केलंय मी. येऊन बघा, मग बोला.

जत पूर्व: तुम्ही केलं असेल. पाटाला रात्री सायफन टाकणाऱ्यांचं काय?

मिरज पूर्व: ते चोरच आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही.

कोयनाकाठ: सगळे वाटे मागताय. आमच्या आज्याचं शेत कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. १९६७ चा भूकंपही आम्हीच सोसला. पर्यायी जमिनीची फाईल अजून फिरतेय. पाणीवाटपाच्या बैठकीत धरणग्रस्ताला खुर्ची कधी मिळणार?

विटेकर: तुमचं म्हणणं खरंय, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिली सही करतो. इथं प्रश्न टंचाईच्या वर्षाचा आहे.

जुना ऑपरेटर: एवढं मानतो: दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा पश्चिमेचे संच बंद ठेवून पाणी संध्याकाळसाठी राखता येईल. टंचाईच्या वर्षी त्यातलंही थोडं पूर्वेला द्या. पण पूर्ण बंद करायला माझा विरोधच राहील.

जत पूर्व: मग वाचलेलं पाणी नदीत कधी सोडणार, त्याची तारीख आधी जाहीर करा. आणि आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी, टेलपासून सुरू करा. पहिलं पाणी आमच्या तलावात, मगच वरचे दरवाजे उघडायचे.

मिरज पूर्व: पिण्यापुरतं कबूल. तलाव भरून शेतीला घेणार असाल तर नाही.

जत पूर्व: आधी पिण्याचं तर येऊ द्या.