मदत हवी आहे: ईबीव्ही एका बी पेशीतून दुसऱ्या बी पेशीत जातो कसा?

नमस्कार. हर्पिस कुळातल्या विषाणूंवर वर्गात बोलायचंय आणि एका जागी घोडं अडलंय.

ईबीव्ही, म्हणजे १९६४ साली सापडलेला एपस्टाइन-बार विषाणू, बी पेशीत (प्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या पेशीत) शिरतो तो असा: त्याच्या आवरणावरचं जीपी३५० हे प्रथिन पेशीवरच्या सीडी२१ या रेणूला धरतं. मग विषाणूचंच जीपी४२ हे प्रथिन पेशीवरच्या एचएलए क्लास टूला चिकटतं, विषाणूच्याच प्रथिनांची जीएच-जीएल ही जोडी जीबी या प्रथिनाला कामाला लावते आणि विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळून जातं. एचएलए क्लास टू म्हणजे ज्यावर धरून बी पेशी परक्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवते तोच रेणू! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसून होते.

गोंधळ पुढे आहे. बी पेशीत नवे विषाणू घडतात तेव्हा जीपी४२ आतल्या आतच एचएलएला चिकटतं आणि त्यातलं बरंचसं नष्ट होतं. बाहेर पडणाऱ्या कणांवर ते कमी, म्हणून ते कण घशाच्या एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींत जास्त सहज शिरतात. त्या पेशींत क्लास टू सहसा नसतं, त्यामुळे तिथून निघालेल्या कणांवर जीपी४२ भरपूर, आणि ते बी पेशींकडे वळतात. ही ये-जा पटली. पण मग बाधित बी पेशींची संख्या इतकी वाढते कशी? दर वेळी घशातून फेरा मारून?

(याच कुळातल्या एचएचव्ही-६ या विषाणूचं समजलंय: ६ए पेशीवरच्या सीडी४६ ला धरतो आणि ६बी टी पेशींवरच्या सीडी१३४ ला. अडलंय ते इथेच.)

प्रतिसाद:
ताई, प्रत्येक बाधित पेशीमागे एक नवा कण आलाच असेल असं तुम्ही धरताय, तिथे गफलत होतेय. बहुतेक बी पेशींत विषाणू सुप्त असतो, कण बनवतच नाही. त्याचा डीएनए केंद्रकात वेटोळं करून राहतो आणि ईबीएनए१ हे विषाणूचं प्रथिन त्याला गुणसूत्राशी बांधून ठेवतं. पेशी दुभंगली की दोन्हीकडे प्रती जातात. सुरुवातीला तर विषाणूचं एलएमपी१ हे प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ असा, बी पेशीच्या स्वतःच्या सीडी४० या रेणूसारखा, इशारा सतत देत असतं. आणि जीपी४२ कमी म्हणजे शून्य नव्हे, हेही लक्षात असू द्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार! आकृतीत बी पेशीकडून बी पेशीकडे बाण काढला होता, तो पुसते. तिथे आता दुभंगणारी पेशी काढते, दोन्ही अर्ध्यांत एकेक वेटोळं.