पिलमाँची चिनी नक्षी: कल्पकता की टवाळी?

रेघोट्या: झाँ-बातिस्त पिलमाँ हा ल्योंचा फ्रेंच चित्रकार १७५० च्या दशकात लंडनमध्ये होता. चीनला कधी गेला नाही, पण त्याची चिनी धाटणीची नक्षी तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली आणि कापडापासून कपबश्यांपर्यंत पोचली. नाजूक वेलीच्या शेंड्यावर, घंटा लटकवलेल्या छत्रीखाली, टोकदार टोपीवाला माणूस. दिसायला गोड, पण मला ही चिन्यांची टवाळी वाटते. १७६० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट सेयर या प्रकाशकाने 'लेडीज अम्यूझमेंट' हे नक्षीचं पुस्तक काढलं. दीड हजारांवर आकृत्या, त्यातल्या बऱ्याच पिलमाँच्या. त्यात सरळ सल्ला दिलाय: चिनी आणि भारतीय विषयांत हवी तेवढी मोकळीक घ्या, त्यांच्याकडे फुलपाखरू हत्तीला पेलतं! (आपल्यालाही सोडलं नाही.)

खलबत्ता: असहमत. पुस्तक कशासाठी होतं ते बघा की. बायका चित्रं रंगवायच्या, कापायच्या, लाकडी पेटीवर डकवून वर रोगणाचे हात द्यायच्या. चीनची माहिती हवी असणाऱ्यांसाठी डच वकिलातीबरोबर गेलेल्या न्यूहॉफचं १६६५ चं सचित्र पुस्तक होतं. आणि पिलमाँने जगात नसलेली फुलंही ढिगाने काढलीत. ती वनस्पतिशास्त्राची टवाळी म्हणायची का?

रेघोट्या: फुलांना देश नसतो हो. आजच्या चष्म्यातून बघतोय म्हणाल, तर त्या काळचाच साक्षीदार देतो. वास्तुकार विल्यम चेंबर्स स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून चीनच्या कॅन्टन बंदराला जाऊन आलेला. १७५७ च्या चिनी इमारतींवरच्या पुस्तकात त्याने लिहिलंय की चिनी म्हणून खपणारं बहुतेक मनचं आहे, उरलेलं चिनीमातीवरच्या नि भिंतीच्या कागदांवरच्या कच्च्या चित्रांची नक्कल.

पाटीपेन्सिल: खलबत्ता +१. गिऱ्हाईक मागेल तसा माल कॅन्टनचे कारागीरही काढतच होते. युरोपातून आलेली मुद्राचित्रं समोर ठेवून त्यांनी बश्या रंगवल्या, आणि त्यातले गोरे चेहरे बघा एकदा! उसनवारी दोन्हीकडून होती.

रेघोट्या: त्यांना ऑर्डर होती. पिलमाँला कोणत्या चिन्याने ऑर्डर दिली?

खलबत्ता: आणि तुमचा साक्षीदार? त्याच चेंबर्सने १७६२ मध्ये लंडनजवळ क्यूच्या बागेत पॅगोडा बांधला, वर ऐंशी रंगीत ड्रॅगन बसवले. चीनमध्ये पॅगोड्याचे मजले सहसा विषम असतात. याने दहा चढवले!