शब्दचर्चा : ‘वापांका’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जर्मन अमलाखालच्या वॉर्सावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘वापांका’ हा पोलिश शब्द सारखा येतो. भर रस्त्यात लोकांना पकडून नेत, त्याला तिथले लोक हे म्हणायचे. मी ‘धरपकड’ लिहिलंय, पण समाधान होत नाही. काय वापरावं?

प्रतिसाद : ‘धरपकड’ चूक नाही, पण आपल्याकडे धरपकड ‘कोणाची तरी’ होते. पुढाऱ्यांची, आंदोलकांची, संशयितांची. बेचाळीसच्या चळवळीची वर्णनं आठवा. कोणाला धरायचं ते बहुधा आधी ठरलेलं असे. वापांकेत नावाची गरजच नव्हती. रस्त्याची दोन्ही टोकं बंद करायची, ट्राम थांबवून माणसं उतरवायची, कागद बघायचे आणि ट्रकमध्ये कोंबायची. जर्मनांच्या उपयोगाच्या कामावर असल्याचा दाखला खिशात असेल तर सुटण्याची आशा, आणि तरीही खात्री नाहीच. पुढे कोणी जर्मनीत सक्तीच्या मजुरीला, कोणी ओलीस, कोणी थेट आऊशवित्झच्या छळछावणीत. १९ सप्टेंबर १९४०च्या वॉर्सातल्या वापांकेनंतर दीड हजाराहून जास्त माणसं आऊशवित्झला पाठवली गेली. त्यांत विटोल्ड पिलेत्स्की हा भूमिगत चळवळीतला अधिकारी होता. छावणीत आत काय चाललंय ते बाहेर कळवायला तो खोट्या नावाचे कागद घेऊन आपणहून पकडला गेला.

ओलिसांचं तर ऐकवत नाही. १९४३च्या शरदात वॉर्सात भर रस्त्यात गोळ्या घालणं सुरू झालं. मग भिंतींवर पत्रकं लागत : मारलेल्यांची नावं, आणि जर्मनांवर पुढचा हल्ला झाला तर कोणाला मारणार त्यांचीही. घरून भाजी आणायला गेलेल्या माणसाचं नाव त्या यादीत शोधायचं, हे ‘धरपकड’ या शब्दातून येत नाही.

आणखी एक. ‘वापाच’ म्हणजे पकडणे, आणि युद्धाआधी ‘वापांका’ हा पोरांचा खेळ होता, आपली पकडापकडीच. त्या कडवटपणासकट शब्द रुजला. म्हणून माझं मत, मूळ शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘रस्त्यावरची पकडापकडी’ असं जोडून द्या.

दुसरा प्रतिसाद : ‘वेठ’ का नको? ‘वेठीला धरून नेलं’ हे आपलं जुनं, दणकट मराठी आहे.

उत्तर : मजुरीपुरतं चालेल, आणि वाक्यात जरूर आणा. पण वेठीचा माणूस काम उरकलं की गावी परते. जर्मनीत नेलेले पोलिश मजूर पंधरा लाखांच्या वर होते. त्यांनी अंगावर ‘पी’ अक्षराचा बिल्ला लावायचा, असा मार्च १९४०चा हुकूम होता. कित्येक वर्षं परत फिरता आलं नाही. आणि ज्यांना ओलीस धरलं किंवा आऊशवित्झला धाडलं, त्यांना ‘वेठीला धरलं’ म्हणणं म्हणजे गोष्ट फार सौम्य करणं होईल.

तिसरा प्रतिसाद : मी कोल्हापूरचा. आमच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश छावणी होती, पाचेक हजार माणसं. बायका-पोरंच जास्त. ती अशा वापांकेतून सुटून आली होती का?

उत्तर : नाही, आणि हा फरक लेखात दाखवायलाच हवा. वळिवड्याला आलेल्यांपैकी बहुतेक जण पूर्व पोलंडचे, सोव्हिएत अमलाखालचे. त्यांचा शब्द ‘विवूस्का’, म्हणजे लादून घेऊन जाणं. तिथे मात्र नावांच्या याद्या असत. पहिली मोठी खेप १० फेब्रुवारी १९४०ची. ऐन थंडीत रात्री दार ठोठावायचं, थोड्या वेळात गाठोडं बांधायला लावायचं, आणि म्हातारीकोतारी, तान्ह्या पोरांसकट मालगाडीच्या डब्यात भरून उत्तर रशिया, सायबेरियाकडे धाडायचं. १९४१मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर रशिया आणि पोलंड एका बाजूला आले, आणि सुटकेची वाट निघाली. अनेकजण इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले.

याला ‘हद्दपारी’ लिहू नका. हद्दपार माणूस हद्दीबाहेर कुठेही राहू शकतो. यांना नेमून दिलेल्या जागी डांबलं होतं. ‘उचलबांगडी’ तर नकोच, त्यात थट्टा आहे. आपण रोज बोलतो तेच लिहा : ‘उचलून नेलं’.

प्रश्नकर्ती : आभार. आता असं केलंय : ‘सकाळी पुलाजवळ वापांका झाली. ट्राममधली सगळी तरणी माणसं नेली.’ ‘रस्त्यावरची पकडापकडी’ पहिल्या उल्लेखालाच देते.